घासाला युरिया नको, रायझोबियम लावा: कोल्हापूरच्या नव्या वैरण करणाऱ्यांसाठी

उसाच्या पट्ट्यात नवीन माणूस घास म्हणजे लसूणघास लावतो तेव्हा पहिली चूक युरियाची होते. आपल्याकडे हाताला सवय उसाची. लावण झाली की युरिया, बांधणीला युरिया, पिवळं दिसलं तरी युरिया. उसाला ते चालतं कारण उसाला नत्र लागतंच, आडसालीला शिफारसच हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, पूर्वहंगामीला ३४० आणि सुरूला २५०. पण लसूणघास, बरसीम, चवळी, स्टायलो, दशरथ घास ही सगळी शेंगवर्गातली वैरण आहे, म्हणजे योग्य बॅक्टेरिया मुळावर बसले की नत्र हवेतूनच घेणारी. तिथं पोतं मोकळं केलं की पैसे जातात ते जातातच, वर मुळावरच्या गाठी बसायच्या त्या बसत नाहीत आणि पीक कायमचं तुमच्या पोत्यावर अवलंबून राहतं.

म्हणून हे सगळं पहिल्यापासून नीट लिहितोय, ज्यांनी दोन-चार म्हशी घेतल्यात, गोकुळला नाहीतर वारणेला दूध घालायला सुरुवात केलीय आणि नुसत्या वाड्यावर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) आणि पेंडीवर भागत नाही हे ज्यांच्या लक्षात आलंय त्यांच्यासाठी. वाड्यात प्रोटीन फार कमी असतं, लसूणघासात वाळलेल्या वजनावर १८ ते २० टक्के असतं, त्यामुळं दहा गुंठे घास नीट जमला तरी पेंडीच्या बिलात फरक दिसतो.

आधी हे कसं चालतं ते समजून घ्या, मग पुढची प्रत्येक पायरी का करायची ते कळेल

हवेत ७८ टक्के नत्र आहे पण झाडाला ते तसं घेता येत नाही. रायझोबियम नावाचे बॅक्टेरिया शेंगवर्गातल्या झाडाच्या कोवळ्या मुळात शिरतात, तिथं गाठ तयार होते, गाठीत बसून ते हवेतलं नत्र अमोनियात बदलतात आणि झाडाला देतात, बदल्यात झाड त्यांना साखर देतं. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८८ मध्ये हे सिद्ध करून दाखवलं आणि त्याच वर्षी हॉलंडच्या बायजेरिंकनं गाठीतला बॅक्टेरिया वेगळा काढला, म्हणजे हे काही कालचं आलेलं फॅड नाही, सव्वाशे वर्षांहून जुनं आणि पक्कं शास्त्र आहे.

आता दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा. एक, या कामाला झाडाची भरपूर साखर खर्च होते, त्यामुळं जमिनीत आयतं नत्र मिळत असेल तर झाड गाठी करायच्या भानगडीत पडतच नाही, मुळंच बॅक्टेरियाला आत घेत नाहीत आणि असलेल्या गाठीही सुस्त होतात. युरिया नको म्हणायचं खरं कारण हे आहे. दोन, प्रत्येक पिकाचा बॅक्टेरिया वेगळा. यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो.

कुठल्या पिकाला कुठलं पाकीट

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर, त्यामुळं जूनमध्ये प्रत्येक कृषी सेवा केंद्रात रायझोबियमची पाकिटं असतात ती बहुतेक सोयाबीनची असतात. ऑक्टोबरात तुम्ही घासासाठी रायझोबियम मागायला गेलात की उरलेलं तेच पाकीट हातात येऊ शकतं. त्याचा लसूणघासाला काडीचा उपयोग नाही. सोयाबीनला लागतो ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, लसूणघासाला लागतो सायनोरायझोबियम मेलिलोटी (जुन्या पाकिटांवर नुसतं रायझोबियम मेलिलोटी असतं, नव्या लिखाणात एन्सिफर असंही नाव दिसतं, तिन्ही एकच), आणि बरसीमला लागतो रायझोबियम लेग्युमिनोसारम, त्यातला ट्रायफोली प्रकार. चवळी, गवार, मूग, उडीद, तूर, भुईमूग यांचा गट एक, त्याला चवळी गट म्हणतात, आणि स्टायलोही बराचसा याच गटात बसतो. कुलपाला किल्ली लागते तसं आहे हे, दुसऱ्याची किल्ली कितीही नवी असली तरी कुलूप उघडत नाही.

यातली एक कामाची गोष्ट म्हणजे मेथी आणि लसूणघास एकाच गटातले आहेत. ज्या वावरात वर्षानुवर्षं मेथीची भाजी होत आलीय तिथं घासाचे बॅक्टेरिया मातीत आधीच असण्याची शक्यता बरीच असते. तरी पाकीट लावाच, खर्च अगदी किरकोळ आहे आणि मातीतले जुने बॅक्टेरिया नत्र देण्यात चांगलेच असतील असं काही नसतं, काही नुसत्या गाठी करतात आणि देत काही नाहीत. तेच चवळीचं, आपल्या मातीत भुईमूग, मूग, उडीद पिढ्यान्पिढ्या होत आलेत त्यामुळं चवळीला गाठी बिनापाकिटाच्याही येतात, फरक कमी दिसतो. पण जिथं तीस वर्षं नुसता ऊस आणि खोडवाच झालाय तिथं लसूणघास आणि बरसीमला पाकीट लावलंच पाहिजे, तिथं हयगय करू नका.

दुकानात पाकिटावर चार गोष्टी वाचा: पिकाचं नाव, बॅक्टेरियाचं नाव, बनवल्याची तारीख, मुदत. भुकटीचं पाकीट साधारण सहा महिने टिकतं, लिक्विड त्यापेक्षा जास्त. अ‍ॅझोटोबॅक्टर असं लिहिलेलं असेल तर ते नको, ते ज्वारी, मका, ऊस अशा पिकांसाठी आहे, गाठी करत नाही. पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारं वेगळं पाकीट मिळतं ते मात्र रायझोबियमबरोबर लावायला हरकत नाही. पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं असेल तर घेऊ नका, हे जिवंत बॅक्टेरिया आहेत, उन्हानं मरतात आणि मेलेलं पाकीट बाहेरून अगदी तसंच दिसतं. घरी आणताना गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका, घरी माठाजवळ किंवा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गावात घासाचं पाकीट मिळालं नाही तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं, कोल्हापुरातल्या कृषी महाविद्यालयात किंवा कणेरी आणि तळसंदे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा, पण आधी फोन करा आणि पेरणीच्या महिनाभर आधी करा, आदल्या दिवशी पळापळ केली की सोयाबीनचंच पाकीट गळ्यात पडतं.

जमीन बघा, कारण कोल्हापूर एकसारखं नाही

शिरोळ, हातकणंगले, करवीरचा नदीकाठ इथं काळी भारी जमीन. घासाला काळी जमीन आवडते पण पाणी साचलेलं अजिबात आवडत नाही, गाठीला हवा लागते, मूळ पाण्यात बसलं की गाठी मरतात. शिरोळ भागात क्षारपड जमीन बरीच आहे, तिथं निचरा केल्याशिवाय घासाच्या नादी लागू नका. २०१९ आणि २०२१ सारखा पूर जिथं येतो त्या वावरात घास बारमाही ठेवायचा विचार सोडा, तिथं बरसीम लावा, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पेरून उन्हाळा लागायच्या आत मोकळं होतं. आपली थंडी पंजाबसारखी कडक नाही त्यामुळं बरसीमच्या कापण्या तिकडच्यापेक्षा कमी मिळतात, ते धरूनच चला.

पश्चिमेला शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड म्हणजे तांबडी माती आणि दणकून पाऊस. पावसानं चुना धुवून जातो आणि माती आम्ल होते. लसूणघासाला सामू (पीएच) साडेसहाच्या वर लागतो, आम्ल मातीत त्याचे बॅक्टेरिया टिकत नाहीत, शिवाय मॉलिब्डेनम नावाचं सूक्ष्म अन्नद्रव्य आम्ल मातीत अडकून पडतं आणि नत्र बांधायच्या एन्झाइमला तेच लागतं. माती तपासून घ्या, सहाच्या खाली सामू आला तर एक तर तपासणीच्या शिफारशीप्रमाणं शेतीचा बारीक चुनखडी भुगा किंवा डोलोमाइट पेरणीच्या दीड-दोन महिने आधी मातीत मिसळा, नाही तर सरळ स्टायलो आणि चवळी धरा, ही दोन्ही आम्ल माती सहन करतात. डोंगर उताराच्या आणि बांधाच्या पडीक जागेला स्टायलो उत्तम. मॉलिब्डेनम मनानं टाकू नका, वैरणीत ते जास्त झालं तर जनावराच्या अंगातलं तांबं कमी होतं.

उसानंतर घास लावणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. उसात अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलं असेल तर ते मातीत महिनोन् महिने राहतं आणि घासाची कोवळी रोपं जाळतं. शंका असली तर कुंडीत त्या वावराची माती भरून मेथी किंवा घासाचं चिमूटभर बी टाका, पंधरा-वीस दिवस बघा, उगवून पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागली तर त्या वावरात यंदा मका करा. आणि दुसरं, उसाला टाकलेल्या नत्रातलं काही मातीत शिल्लक असतं, त्यामुळं तिथं सुरुवातीचं नत्रसुद्धा कमी करा किंवा देऊच नका.

बी

लसूणघास एकरी १० किलो, म्हणजे गुंठ्याला पाव किलो. राहुरीचा आरएल-८८ हा बारमाही वाण आपल्याकडं चांगला चालतो, दोन-तीन वर्षं राहतो. बरसीम एकरी १० ते १२ किलो, वरदान किंवा मस्कावी. वैरणीची चवळी एकरी १६ किलोच्या आसपास. घासाच्या बियांत अमरवेलीचं बी नाही ना हे बघूनच घ्या, पिशवी प्रमाणित असावी, कारण एकदा अमरवेल आली की पिवळ्या दोऱ्यांचं जाळं सगळ्या वावरभर होतं आणि तेवढा पट्टा कापून जाळल्याशिवाय इलाज नाही. बरसीमच्या बियांत कासनी या तणाचं बी मिसळलेलं असतं, दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ टाकून बी त्यात सोडलं की हलकी कासनी वर तरंगते, ती काढून टाका, आणि मग बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा स्वच्छ धुवा कारण मीठ राहिलं तर बॅक्टेरिया मरतील. स्टायलो आणि दशरथ घासाचं बी कडक कवचाचं, त्याला गरम पाण्याची प्रक्रिया लागते, साधारण ८० अंशाच्या पाण्यात चार-पाच मिनिटं, लगेच थंड पाण्यात. ही प्रक्रिया आधी, बॅक्टेरिया नंतर, उलटं केलं तर सगळं उकडून निघेल.

बीजप्रक्रिया, हीच मुख्य पायरी

लागणारं सामान: रायझोबियमचं पाकीट, गूळ, स्वच्छ पाणी, घमेलं किंवा ताडपत्री, सावली.

एक लिटर पाण्यात साधारण १२५ ग्रॅम गूळ टाकून उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या, बोट घातलं तर गार लागलं पाहिजे. गूळ आपल्याकडं घरोघरी असतो, पण पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस मारलेला गूळ इथं वापरू नका, काळसर, बिनकेमिकलचा घ्या. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं चालेल, नगरपालिकेच्या नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतं, बॅक्टेरियाला ते चालत नाही, बादलीत रात्रभर उघडं ठेवलं तर बरंचसं उडून जातं आणि इथं तर आपण ते उकळतोयच. गुळामुळं चिकटपणा येतो आणि बॅक्टेरियाला पहिले काही तास खायलाही मिळतं.

बी ताडपत्रीवर सावलीत पसरा. दहा किलो बियाला अर्धा लिटरच्या आसपास गुळाचं पाणी पुरतं, एकदम ओतू नका, शिंपडत शिंपडत हातानं हलवा, प्रत्येक दाणा नुसता ओलसर दिसला पाहिजे, गोळे होता कामा नयेत. मग २५० ग्रॅमचं पाकीट फोडून भुकटी वरून भुरभुरवा आणि हळू हातानं चोळा, दाण्यांवर काळा थर दिसायला लागतो. पाकिटावर २५० ग्रॅम १० ते १५ किलो बियाला असं लिहिलेलं असतं पण घासाचं बी इतकं बारीक असतं की एका किलोत चार-पाच लाख दाणे बसतात, त्यामुळं मी १० किलोलाच एक पाकीट धरायला सांगतो, आणि नव्या वावराला म्हणजे जिथं घास किंवा मेथी कधीच झालेली नाही तिथं दीड-दोन पाकिटं लावा, जास्तीचे बॅक्टेरिया पिकाला बाधत नाहीत. लिक्विड असेल तर किलोला १० मिली, त्याला गुळाची गरज पडत नाही, बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. दहाच गुंठे करणार असाल तर अडीच किलो बियाला अर्धं पाकीट लावा आणि उरलेलं चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून ओळीत टाका, फोडलेलं पाकीट पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

आम्ल मातीवाल्यांनी यावर आणखी एक थर द्यायचा, चिकट बी असतानाच बारीक चुनखडीची पूड वरून फिरवायची, दाणा पांढरा दिसेपर्यंत. पण नीट ऐका, चुनखडीची पूड, पानाला लावायचा किंवा भिंतीला द्यायचा चुना नाही, तो बॅक्टेरिया जाळून टाकतो.

बुरशीनाशक लावायचं असेल तर क्रम ठरलेला आहे, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, आणि मध्ये एक दिवस तरी जाऊ द्या. कंपनीनं रंग लावलेलं बी आलं असेल तर त्यावर औषध असतंच, तिथं पाकीट दुप्पट घ्या किंवा बियाला न लावता शेणखतात मिसळून ओळीत द्या. शक्य असेल तर रासायनिकच्या जागी ट्रायकोडर्मा ही रोगाला आवरणारी उपयोगी बुरशी वापरा.

सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. चोवीस तासांच्या पुढं गेलं तर परत लावा. उन्हात वाळत घालायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा कारण कुणीतरी मदत म्हणून ताडपत्री उन्हात ओढतंच.

पेरणी आणि सुरुवातीचं खत

लसूणघास ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या मागंपुढं. चवळी जून-जुलैला किंवा पाणी असेल तर फेब्रुवारी-मार्चला. घासासाठी माती भुसभुशीत आणि सपाट, ओळीत ३० सेंटिमीटर अंतर, खोली एक ते दीड सेंटिमीटर, बारीक बी खोल गेलं की वर येत नाही. सकाळी लवकर किंवा चार वाजल्यानंतर पेरा आणि लगेच हलकं पाणी सोडा, कोरड्या तापलेल्या मातीत बॅक्टेरिया तासाभरातही मरू शकतात.

आता खत. सुरुवातीला थोडं नत्र द्यायचं, कारण गाठी लगेच येत नाहीत आणि तोपर्यंत रोपाला काहीतरी हवं. हे थोडं म्हणजे हेक्टरी २० किलो, एकरी ८ किलो नत्र. एक ५० किलोचं डीएपी पोतं टाकलंत की त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद आलं, म्हणजे नत्राचा हिशोब तिथंच संपला, वर युरियाचा एक दाणाही नको. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, डीएपीला लोक स्फुरदाचं खत समजतात आणि वर युरिया टाकतात. मला स्वतःला सिंगल सुपर फॉस्फेट जास्त पटतं, चार पोती सुपर म्हणजे ३२ किलो स्फुरद आणि वर गंधक मिळतं, प्रोटीन तयार व्हायला गंधक लागतं, आणि त्याबरोबर १७ किलो युरिया टाकला की ८ किलो नत्र होतं. पोटॅश एकरी २५ ते ३० किलो. शेणखत चांगलं कुजलेलं असेल आणि दोन-तीन ट्रॉल्या पडलं असेल, किंवा उसाचा फड नुकताच मोडला असेल, तर तो १७ किलो युरियाही वगळा.

खत आधी मातीत मिसळा, बी नंतर, दोन्ही एकमेकांना चिकटता कामा नयेत. बॅक्टेरिया लावलेलं बी आणि सुपर किंवा डीएपी एकाच पाभरीच्या चाड्यात मिसळून पेरणं म्हणजे सगळी बीजप्रक्रिया पाण्यात, सुपर आम्लधर्मी असतं आणि खताच्या क्षारानं बॅक्टेरिया मरतात. गोबरगॅसची ताजी स्लरी पण सुरुवातीच्या दीड महिन्यात घासाला सोडू नका, त्यात अमोनियाचं नत्र भरपूर असतं. जिवामृत टाकणाऱ्यांनी टाका, पण ते रायझोबियमच्या जागी धरू नका, घासाचाच बॅक्टेरिया त्यात असेल याची काही खात्री नसते.

मका आणि चवळी एकत्र करत असाल तर मामला वेगळा, मक्याला नत्र हवंच. दोन ओळी मका, एक ओळ चवळी धरा आणि युरिया मक्याच्या ओळीलगत मातीआड करा, फेकून देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला पिवळेपणा

इथं नवीन माणूस हमखास घाबरतो. बियातलं अन्न संपलेलं असतं, सुरुवातीचं नत्र संपत आलेलं असतं, गाठी नुकत्या फुटायला लागलेल्या असतात पण काम सुरू झालेलं नसतं, आणि रोपं फिकट पिवळी दिसतात. बांधावरून जाणारा प्रत्येक जण सांगणार, अहो अर्धं पोतं युरिया मारा. मारलात तर चार दिवसांत हिरवं होईल, बघायला छान वाटेल, आणि गाठींचं काम तिथंच थांबेल. हा आठवडा-दहा दिवस हात आवरा. पाणी जास्त होत नाही ना, तण वाढलं नाही ना, तेवढं बघा.

मूळ उकरून बघणं

पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी हे करायचंच. वावरात चार-पाच ठिकाणी, कडेला नाही, आतमध्ये, खुरप्यानं मुळाभोवतीची माती मोकळी करून ढेकळासकट रोप काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि तुम्हाला वाटतं गाठीच नाहीत. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, माती आपोआप सुटते. लसूणघासाच्या गाठी बारीक, लांबट, बोटासारख्या, कधी दोन-तीन एकत्र फुटलेल्या असतात, चवळीच्या गोल आणि मोठ्या.

नखानं गाठ फोडा. आत गुलाबी किंवा लालसर दिसलं तर काम जोरात चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच नातेवाईक, गाठीत ऑक्सिजन बेतानं पोचवायचं काम तो करतो. आत पांढरं असेल तर गाठ एक तर कोवळी आहे नाही तर कामाची नाही, आठ दिवसांनी परत बघा. हिरवट किंवा तपकिरी म्हणजे म्हातारी झालेली गाठ. आणि सूत्रकृमीच्या (मुळात शिरणाऱ्या बारीक जंतांच्या) गाठींशी गल्लत करू नका, सूत्रकृमीत मूळच सुजलेलं असतं, बोटानं चोळून ती गाठ सुटत नाही, रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि हलक्या हातानं सुटते.

अजून खात्री हवी असेल तर पहिल्याच वर्षी तीन पट्टे ठेवा, एकेक गुंठ्याचे पुरेत. एका पट्ट्यात बिनापाकिटाचं बी, दुसऱ्यात पाकीट लावलेलं, तिसऱ्यात पाकीट आणि वर युरिया. बिनापाकिटाचा पट्टा आधी पेरा नाही तर हाताला लागलेले बॅक्टेरिया तिकडंही जातात. पाकीटवाला आणि युरियावाला सारखेच हिरवे दिसले तर युरियाचं काही काम नाही हे तुमच्याच डोळ्यांनी दिसलं. युरियावाला ठळक हिरवा आणि पाकीटवाला पिवळा असेल तर बॅक्टेरिया बसलेले नाहीत. तिन्ही पिवळे असतील तर प्रश्न नत्राचा नाही, गंधक, सामू, निचरा याकडं बघा.

गाठी आल्याच नाहीत तर

वावर मोडायची घाई नको. दोन किलो रायझोबियम ४०-५० किलो चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळा, सावलीत रात्रभर झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळींच्या कडेनं टाकून लगेच पाणी द्या. बियाला लावण्याइतकं हे खात्रीचं नाही पण घास दोन-तीन वर्षं राहणार असेल तर करून बघण्यासारखं आहे. तोपर्यंत पीक जगवायला एकरी ८ ते १० किलो नत्र म्हणजे २० किलोच्या आसपास युरिया, एकदाच. तरीही पुढच्या दोन कापण्यांत गाठी दिसल्या नाहीत तर मग हे पीक युरियावरच चालवायचं की मोडायचं हा हिशोब करा. चवळीसारख्या दोन महिन्यांच्या पिकाला मात्र ही मलमपट्टी करत बसू नका, युरिया द्या, कापा, पुढच्या वेळी बियाला लावा.

पुढं काय द्यायचं

पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, नंतर दर २५ ते ३० दिवसांनी. कापल्यावर पानं नसतात म्हणजे साखर नसते, त्यामुळं गाठींचं काम काही दिवस मंदावतं आणि फुटवा आला की परत सुरू होतं. म्हणून अगदी मातीलगत कापू नका, पाच-सात सेंटिमीटर बुडखा ठेवा. दर कापणीनंतर युरियाची मूठ मारायची पद्धत काही ठिकाणी आहे, गाठी गुलाबी असतील तर त्याची गरज नाही.

हिशोब करून बघा. पाच टन हिरवा घास म्हणजे साधारण एक टन वाळलेला, त्यात १८-२० टक्के प्रोटीन धरलं तर ३० किलोच्या आसपास नत्र होतं, म्हणजे ४५ किलोची युरियाची दीड पोती. यातला थोडा भाग मातीतून येतो पण मोठा वाटा गाठी देतात. मात्र स्फुरद, पोटॅश, गंधक हे हवेतून येत नाही, प्रत्येक भाऱ्याबरोबर ते वावरातून गोठ्यात जातं. युरियाचे वाचलेले पैसे तिकडं वळवा, दर तीन-चार कापण्यांनी सुपर आणि थोडा पोटॅश द्या, वर्षातून एकदा कुजलेलं शेणखत किंवा कारखान्याची कुजलेली प्रेसमड म्हणजे मळी. घास दुसऱ्या वर्षी विरळ व्हायला लागला की त्याचं कारण बहुतेक वेळा स्फुरद-पोटॅश किंवा पावसाळ्यात साचलेलं पाणी असतं.

घालताना एक सांभाळा, नुसता कोवळा ओला घास उपाशी म्हशीपुढं टाकला की पोट फुगतं आणि जनावर तासाभरातही जाऊ शकतं. आधी कडबा किंवा वाळलं वाडं खाऊ द्या, घास कापून दोन-चार तास मलूल होऊ द्या, कुट्टीत मिसळून घाला, आणि पहिले आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवत न्या.

घास मोडल्यावर

दोन-तीन वर्षांनी घास मोडाल तेव्हा मुळं आणि बुडखे मातीतच गाडा, उपटून बांधावर टाकू नका, त्यात साठलेलं नत्र पुढच्या पिकाला हळूहळू मिळतं. त्यावर मका किंवा ऊस घ्या आणि पहिला युरियाचा हप्ता टाकायच्या आधी पीक बघा, एक सरी बिनायुरियाची ठेवून बाकीच्यांशी ताडून बघा, त्यावरून किती कमी करायचं ते ठरवा. लगेच परत त्याच वावरात लसूणघास मात्र पेरू नका, जुन्या घासाच्या अवशेषांतून काही द्रव्यं सुटतात ती घासाच्याच नव्या रोपांना वाढू देत नाहीत, मध्ये एक वर्ष दुसरं पीक जाऊ द्या. बॅक्टेरिया मातीत टिकून राहतात, तरी परत पेराल तेव्हा पाकीट लावाच.